थंड हवा कोणासाठी?

२ मार्च

बाईसाहेब,

तू म्हणालीस, फोनवर तू आधी ओरडतोस आणि मग ऐकतोस, पत्रात निदान आधी वाचावं तरी लागेल. म्हणून हे पत्र. तुला मावशीकडे जाऊन महिना होत आला. हिशेबाचा कॉम्प्युटर क्लास कसा चाललाय ते तू एका ओळीत उरकतेस, आणि मावशीच्या मांजरावर पानभर लिहितेस. असो. मांजर बरं आहे हे वाचून आनंद झाला.

आता खरी बातमी. काल तुझे बाबा ट्रक घेऊन गॅरेजवर आले. मला वाटलं ब्रेकचं काम असेल. तर मिस्त्रींना म्हणाले, "एसी बसवायचाय." मिस्त्रींनी कानात गेलेली माशी काढावी तसं कानात बोट फिरवलं. "काय बसवायचाय?" "एसी. थंड हवा." मिस्त्री म्हणाले, "अहो, हे इंजिन तुमच्या पोरीएवढं जुनं. त्याच्या जन्मात कोणी एसीचं नाव काढलं नव्हतं." तुझे बाबा म्हणाले, "माझ्याही. पण बसवायचाय."

तूच सांग, हा तोच माणूस ना, जो आयुष्यभर डोक्यावर ओला टॉवेल टाकून उन्हाळे काढत आला? आम्ही केबिनला पंखा लावून देतो म्हटलं तर "वारा फुकट मिळतो" म्हणाला होता? त्या केबिनमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या मांडीशी असतं, काचा लावल्या तर आत भट्टी होते. तरी त्यांनी कधी तक्रार केली नाही. मग आत्ताच का?

काम सोपं नाही. इंजिनाच्या पुढच्या पुलीवर एकाच पट्ट्याची जागा आहे, तो पंखा आणि पाण्याचा पंप फिरवतो. एसीचा कॉम्प्रेसर फिरवायचा तर पुढे दुसरी पुली जोडायची, कॉम्प्रेसर धरायला लोखंडाचं ब्रॅकेट घडवायचं. हे सगळं मिस्त्रींनी माझ्या गळ्यात घातलंय. "तू कॉलेजात दोन वर्षं काय शिकलास ते दिसू दे," म्हणाले.

मी काकांना सरळ विचारलं, "काका, एसी कोणासाठी?" ते हसले.  तुझे बाबा हसले की मला भीती वाटते. कुठंतरी पाणी मुरतंय. तुला माहीत असेल तर सांग.

तुझाच,
अर्धा इंजिनिअर


९ मार्च

अर्धे इंजिनिअर,

माणसाला उतारवयात थोडी हौस आली तर लगेच पाणी मुरतं का? बाबांना घाम येत असेल. त्यांनाही कातडी आहे.

मांजराबद्दल टोमणे नकोत. ते तुझ्यापेक्षा कमी गुरगुरतं.

क्लास ठीक आहे. सकाळी लवकर जावं लागतं, दुपारी हात दुखतात. मावशी म्हणते पोरगी काळवंडली. तू आता म्हणशील, कॉम्प्युटरसमोर बसून कोण काळवंडतं? चालत जावं लागतं, म्हणून.

काम नीट कर. आणि एक सांग: चढावर गाडी खालच्या गिअरमध्ये ओढत असताना कॉम्प्रेसर लागला, तर इंजिन दबतं का? नाक्यावर नुसती उभी असताना बंद पडते का? बाबांच्या काळजीनं विचारतेय.

मी


१६ मार्च

बाईसाहेब,

तुझ्या प्रश्नांची उत्तरं आधी देतो, म्हणजे नंतर भांडायला मोकळा. दबतं. म्हणून इंजिन जास्त तापलं की कॉम्प्रेसर आपोआप सुटेल असा स्विच लावतोय. उभ्या गाडीत इंजिन थोडं जास्त फिरतं ठेवायची तार जोडतोय, बंद पडणार नाही. एसीची जाळी रेडिएटरपुढे लावली असती तर घाटात पाणी उकळलं असतं, म्हणून ती टपावर चढवली, तिचे पंखे वेगळे. पहिलं ब्रॅकेट चालू इंजिनावर तडकलं. जुनं इंजिन थरथरतं किती! मिस्त्री म्हणाले, "म्हाताऱ्याच्या खांद्यावर नातू बसवतोयस, आधी म्हातारा हलायचा थांबतो का बघ." दुसरं ब्रॅकेट जाड पत्र्याचं केलं, खाली रबर दिलं. आता पट्टा ओरडत नाही.

आता माझे प्रश्न.

एक तर हिशेबाच्या क्लासात खालचा गिअर शिकवतात का?

तुझ्या पाकिटाच्या मागे काळा डाग होता. तू म्हणशील शाई. ग्रीस मी काही रोज चाटत नाही, पण नाकाला लावून सांगतो, ते चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस आहे. कोणाच्या हातातून हे पाकीट पेटीत पडलं?

आणि तो गॉगलवाला कोण? परवा काका त्याला घेऊन आले. बुटका, तुळतुळीत दाढी, डोळ्यावर काळा गॉगल, तोंडात शीळ. न विचारता केबिनमध्ये चढला, स्टिअरिंग धरलं, क्लच दाबून बघितला आणि काकांना म्हणाला, "पाय पोचायला हवेत. सीट चार बोटं पुढे घ्या." काका मला म्हणाले, "घे रे." काका केवढे उंच! त्यांचे गुडघे आत्ताच डॅशबोर्डला लागतात. मग सीट पुढे कोणासाठी? बुटक्यासाठी. दुसरं कोण?

पुढे ऐक. काकांनी दोन्ही काचांचे हँडल दुरुस्त करायला सांगितले. "काच पूर्ण वर गेली पाहिजे, फट नको." इतकी वर्षं ती काच पाचर मारून अर्ध्यावर उभी होती. मग गॉगलवाल्यानं काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आता गाडी तरुण हातात जाऊ द्या." खांद्यावर हात! मी इतकी वर्षं काकांना ओळखतो, माझी त्यांच्या सावलीवर पाय ठेवायची हिंमत नाही.

मी मूर्ख नाही. काकांना मुलगा नाही. गाडी तरुण हातात म्हणजे जावयाच्या हातात. जावई लाडका, म्हणून त्याला थंड हवा, पुढे घेतलेली सीट, नवे हँडल. आणि मिस्त्री सांगतात, तो शीळ घालत येतो तुझ्या मावशीच्याच गावाहून. तुझी मावशी यात आहे का? तू आहेस का?

हो किंवा नाही, एवढंच लिही.

मी


२४ मार्च

हो किंवा नाही हे कोर्टात विचारतात. मी आरोपी नाही.

तू मोठा शोध लावलास. ग्रीस हुंगलंस, सीट मोजलीस, शीळ ऐकलीस. एक सोपी गोष्ट केली नाहीस: मला काय हवंय ते विचारलं नाहीस. दोन पत्रांत एकदाही नाही.

काही गोष्टी मी आत्ता सांगणार नाही. त्या वाईट आहेत म्हणून नाही. तुला कळलं की तू काय करशील हे मला माहीत आहे म्हणून. कॉलेजात वर्कशॉपचे सर एवढंच म्हणाले होते की जॉब पुन्हा कर, आणि तू त्यांची कॉलर धरलीस. डिग्री तिथंच राहिली.

बाबांच्या गाडीचं काम चोख झालं पाहिजे. त्यावर फार काही अवलंबून आहे. काही दिवस पत्र आलं नाही तर फोन करू नकोस.

मी


२ एप्रिल

बाईसाहेब,

फोन केला नाही. नोंद असावी.

काम झालं. गॅस भरून एसी चालू केला तेव्हा मिस्त्रींनी हवेच्या तोंडात थर्मामीटर धरला आणि पहिल्यांदा माझ्या पाठीवर थाप मारली. काका केबिनमध्ये बसून राहिले, उतरेचनात. "अरे, डोळ्याला थंड लागतंय," म्हणाले. तुझ्या बाबांचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्या क्षणी वाटलं, उगीच संशय घेतला. म्हाताऱ्या माणसाला गारवा हवा होता, एवढंच.

तेवढ्यात खालून शीळ आली.

उद्या गाडी न्यायला दोघं येणार. चालवणार कोण, तर गॉगलवाला. मी विचारलं, "काका, तुम्ही नाही चालवणार?" म्हणाले, "माझा गुडघा क्लचला कंटाळला. आता मी शेजारी बसून गाडी बघणार." आणि गॉगलवाला म्हणाला, "सोमवारी घाट आहे. परीक्षाच आहे म्हणा. पास झालं तर गाडीही आणि सगळंच." सगळंच! म्हणजे कोण, ते मला समजतं. तुला समजत नसेल तर आरशात बघ.

मिस्त्री जेवायला गेले तेव्हा मी नवऱ्या मुलाला माझ्याकडून छोटासा आहेर करून ठेवला. घाट चढताना उघडून बघेल. काकांना काही त्रास होणार नाही, त्यांना हवा भरपूर.

आता तू लिहिलं नाहीस तरी चालेल.


३ एप्रिल

अर्धे इंजिनिअर,

गाडी आज आली. मी दार उघडून आत बसले, आणि उतरल्यावर पहिलं काम हे पत्र. घाईत लिहितेय, अक्षराला हसू नकोस.

मावशीकडे हिशेबाचा क्लास नव्हता कधी. जड वाहनांचं लायसन्स काढत होते. तुझा गॉगलवाला माझे शिकवणारे सर आहेत. ग्रीस माझ्याच हातचं होतं, सर रोज स्टिअरिंग द्यायच्या आधी चाकं खोलायला लावतात. सीट चार बोटं पुढे माझ्यासाठी. पाय पोचतात रे. छान पोचतात.

बाबांना आता चालवणं होत नाही. गाडी विकायची म्हणत होते. मी म्हटलं, मी चालवते.  मग म्हणाले, "एका अटीवर. नाक्यावर, सिग्नलला, जिथं जिथं माणसं केबिनमध्ये डोकावतात, तिथं काच वर राहिली पाहिजे. पूर्ण वर." त्या भट्टीत काच वर करून माणूस जगत नाही, म्हणून एसी. तो बाबांनी आज लावूच दिला नाही, पहिल्यांदा घाटातच लावायचा म्हणाले. सोमवारी माल भरून घाट चढायचा, काच खाली न घेता, बाबा शेजारी. जमलं तर गाडी माझी. नाही जमलं तर गिऱ्हाईक तयार आहे, तोही घाटापलीकडेच राहतो.

तुला सांगितलं नाही, कारण गाडी शिकायच्या मैदानावर लोक हसायचे. तुला कळलं असतं तर तू आला असतास, एखाद्याचे दात पाडून गेला असतास, आणि नंतर मला तिथं कोणी उभं केलं नसतं. पास होऊन सांगणार होते. पण आज त्या सीटवर बसले, तू घडवलेलं सगळं पाहिलं, आणि राहवलं नाही. तुला काहीही वाटत असलं तरी काम तू चोख केलंस. म्हणून तुझ्यावर भरवसा टाकतेय.

सोमवारी दुपारी तुमच्या नाक्यावरून जाईन. थांबता येणार नाही. हात हलव.

तुझी


७ एप्रिल

तुझं पत्र काल, सोमवारी, पोस्टमनने गॅरेजवर आणून दिलं. मी दुपारचा डबा सोडून वाचायला बसलो. "सीट माझ्यासाठी" इथं आलो आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली म्हणतात ना, तसं काही झालं नाही. जमीन तिथंच होती. मीच तिच्यात गेलो.

तुला माझं पत्र मिळालं नसेल अजून. मिळेल तेव्हा वाच, नाहीतर वाचू नकोस. आहेर काय होता ते मीच सांगतो. डॅशबोर्डखालून थंड हवेच्या दोन नळ्या निघतात, एक चालवणाऱ्याकडे, एक शेजारच्याकडे. चालवणाऱ्याच्या नळीत मी आतपर्यंत चिंध्यांचा बोळा कोंबला. वरून काही दिसत नाही. म्हटलं, लाडक्या जावयाला जरा शिजू दे.

नाक्यावर धावत गेलो. चहावाला म्हणाला, गाडी केव्हाच गेली, पोरगी चालवत होती, अख्खं दुकान उठून बघत होतं. तुझा फोन लागेना. काकांचा नेहमीसारखा बंद. मिस्त्रींची मोटरसायकल घेतली. कारण सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "परत आलास की तुझ्याशी बोलतो."

तिसऱ्या वळणावर तू दिसलीस. टपावरचे पंखे फिरत होते, मागचा दिवा नीट, वळण घेताना मागचं चाक खडीला शिवलंसुद्धा नाही. खरं सांगतो, एक क्षण मी बोळा विसरलो, नुसता बघत राहिलो. मग हॉर्न वाजवला. हात केले. ओरडलो. शेजारी आलो तेव्हा तू आरशात माझ्याकडे पाहिलंस. ओळखलंस. आणि गिअर टाकून पुढे गेलीस.

वर, पाणी प्यायच्या जागी गाडी थांबली, तू उतरलीस. तुला विहिरीतून काढल्यासारखी भिजलेली पाहिलं. पलीकडून काका उतरले, कानाला टॉवेल गुंडाळून, कुडकुडत. मी आत हात घातला, बोळा ओढून बाहेर काढला आणि काकांच्या हातात दिला. सांगितलं, हा मी घातला. का घातला तेही सांगितलं.

तू तोंडावर पाणी मारत राहिलीस. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "राग बुटक्यावर, आणि भाजली माझी पोर." मग तुम्ही दोघं गाडीत बसलात. काच वर गेली.

तुझ्या परीक्षेचं काय झालं हे मला माहीत नाही. विचारायचा हक्कही नाही. तरी विचारतोय. तुला काय हवंय?


१८ एप्रिल

गाडी माझी झाली.

आता बाकीचं. तुझी दोन्ही पत्रं मावशीच्या टेबलावर एकावर एक होती. खालचं आधी वाचलं. "आहेर" हा शब्द तुला सुचला कसा, याचा मी अजून विचार करतेय.

माझी बाजू ऐक. पहिल्या चढाला कळलं की माझ्याकडे हवा येत नाही. मला वाटलं, बाबांनीच मुद्दाम बंद केली, परीक्षा म्हणून. विचारलं नाही, विचारणं म्हणजे हरणं. बाबांना वाटलं, म्हाताऱ्या बापाला गार लागावं म्हणून पोरीनं सगळी हवा त्यांच्याकडे वळवली, म्हणून तेही गप्प, कुडकुडत. दोघंही एकमेकांचं मन राखत होतो. मधे तू. घाम डोळ्यांत जात होता, स्टिअरिंग निसटत होतं. एका वळणावर समोरून बस आली आणि मला ती नीट दिसली नाही. आधी आवाज ऐकू आला, मग दिसली. त्याबद्दल मी बाबांना बोलले नाही. तुला सांगतेय.

आणि मग आरशात तू. हात करत, ओरडत. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, आला. सगळं सांगूनही पाळत ठेवायला आला. सरांना शोधत आला. आयुष्यात पहिल्यांदा तू चांगल्या कारणासाठी माझ्यामागे धावत होतास, आणि माझा विश्वास बसला नाही. ही कमाई तुझी.

वर बाबा तुला जे बोलले ते तू लिहिलंस. गाडीत बसल्यावर जे म्हणाले ते लिहिते. म्हणाले, "कामाला हात सोन्याचा आहे. डोकं मात्र न विचारता ठरवतं. चुकणाऱ्या माणसाबरोबर राहता येतं. ठरवणाऱ्याबरोबर अवघड." मग घाट उतरल्यावर, "पण बोळा स्वतः काढलान. पळाला नाही."

मला काय हवंय विचारलंस. उशिरा, पण विचारलंस. मला लांबचा माल घ्यायचाय. जाऊन-येऊन आठवडा लागेल असा. बाबांचा गुडघा तेवढं बसू देत नाही. पहिले काही महिने शेजारच्या सीटवर सर असतील. गॉगल, शीळ, सगळ्यासकट. बंद काचेच्या केबिनमध्ये, आठवडा आठवडा.

त्यांचं लग्न झालंय का, त्यांना मुलं किती, हे मी तुला सांगणार नाही. दुसऱ्या कोणालाही विचारायचं नाही. ते कळलं तर तुझा विश्वास त्यांच्या बायकोवर बसेल, माझ्यावर नाही.

मी गाडीवर असेन तेव्हा तुला ज्या दिवशी शांत झोप लागेल, त्या दिवशी लिही. खरीखुरी. त्याआधी लिहू नकोस. कधीच लागली नाही, तर तेही मला समजेल, आणि मी रागावणार नाही.

मी


२६ जून

बाईसाहेब,

मधे तीन पत्रं लिहिली आणि फाडली. तिन्हीत मला झोप लागली होती. तिन्ही खोटी होती.

पहिल्या फेरीला मी तुमच्या लोडिंगच्या जागेपर्यंत आलो होतो. भिंतीआडून बघून परतलो. दुसऱ्या फेरीला चहावाल्याला विचारायला तोंड उघडलं आणि साखर मागितली. मिस्त्री म्हणाले, "तुझे डोळे बघ, कॉम्प्रेसरचा गॅस गेल्यासारखे झालेत."

परवा तुमची गाडी नाक्यावरून गेली. मी एका जुन्या ट्रकखाली ब्रॅकेट कसत होतो. हा तिसरा. तुझी गाडी बघून लोक आता एसी मागायला येतात, आणि मी प्रत्येकाला आधी विचारतो, चालवणार कोण, त्याला काय हवंय. इंजिनाचा आवाज ओळखला. वर आलो नाही. उरलेला बोल्ट आवळला.

काल जेवून पडलो आणि सकाळीच उठलो. मधलं काही आठवत नाही. उठल्यावर लक्षात आलं की तू या वेळी डोंगरापलीकडे असशील, काच वर, शेजारी गॉगलवाले सर.

लक्षात आलं, आणि मी दात घासायला गेलो.

तुझा,
मी